हरणाऱ्याचे गणित

(नभोवाणीवरून झालेले भाषण)

पत्त्यांच्या जुगारावर नभोवाणीवरून भाषण व्हावयाचे आहे, हे ऐकून काही घरांतील वडीलधाऱ्या मंडळींच्या कपाळाला आठी पडली असेल, आणि काही घरांतील तरुण मंडळी खुर्ची जरा जवळ ओढून बसली असतील. दोघांचीही थोडीशी निराशा करणे मला भाग आहे. डाव कसा जिंकावा हे मी सांगणार नाही. आणि जुगार वाईट, एवढेच सांगून थांबणारही नाही. मला बोलावयाचे आहे ते हरणाऱ्या माणसाच्या मनाविषयी. हे मन पोकरच्या टेबलाशी जितके उघडे पडते तितके अन्यत्र क्वचितच पडते. कारण तेथे प्रत्येक निर्णयाला आकडा असतो, आणि तो आकडा लपविता येत नाही.

पोकर हा खेळ अमेरिकेचा. १९ व्या शतकाच्या पूर्वार्धात न्यू ऑर्लिन्सच्या परिसरातून आणि मिसिसिपी नदीवरील आगबोटींतून तो त्या देशभर पसरला. आणि १९७० पासून लास व्हेगास येथे त्याची जागतिक स्पर्धा भरू लागली. त्याचा आज सर्वांत रूढ असलेला प्रकार टेक्सास होल्डेम ह्या नावाने ओळखला जातो. प्रत्येक खेळाडूस दोन पाने झाकलेली मिळतात, आणि टेबलावर सर्वांना सामाईक अशी पाच पाने क्रमाक्रमाने उघडली जातात. ह्या सातांतून ज्याची पाच पाने श्रेष्ठ ठरतील त्याचा डाव. पाने उघडत असता मधून मधून पैसे लावण्याच्या फेऱ्या होतात. आपली पाळी आली की तीन मार्ग असतात: पाने टाकून डावातून बाहेर पडावे, समोरच्याने लावली तितकी रक्कम लावावी, किंवा ती वाढवावी. ज्याने तीन पत्तीचा डाव एकदा तरी पाहिला आहे त्याला ह्यातले मर्म सांगावयास नको.

आता ह्या खेळाचे एक वैशिष्ट्य लक्षात घेतले पाहिजे. उत्तम खेळाडू बहुतेक वेळ खेळतच नाही. हातात आलेली दोन पाने पाहतो आणि टाकून देतो. हातात दोन एक्के येण्याचा योग २२१ वेळांतून एकदा. तेव्हा बहुतेक पाने टाकण्याच्याच लायकीची, हे त्याला ठाऊक असते. संयम हेच त्याचे भांडवल. आणि म्हणूनच, एखाद्या डावात त्याला जबर फटका बसल्यावर तो पुढे कसा वागतो, हा प्रश्न मोठा मनोरंजक ठरतो.

दुधाने तोंड पोळले म्हणजे मनुष्य ताकही फुंकून पितो, असे आपण म्हणतो. त्या न्यायाने, हजार डॉलर गमावलेला खेळाडू पुढचे काही डाव अधिक जपून खेळेल अशी आपली अपेक्षा. गॅरी स्मिथ, मायकेल लेव्हेरे आणि रॉबर्ट कुर्त्झमन ह्या तिघा अभ्यासकांनी ही अपेक्षा तपासून पाहिली. संगणकावर मोठ्या रकमांनी खेळणाऱ्या अनुभवी खेळाडूंच्या, २००८ मधील असंख्य डावांची नोंद त्यांनी घेतली, आणि एका डावात १००० डॉलर किंवा अधिक गमावल्यानंतर, तसेच तितकेच कमावल्यानंतर, तोच खेळाडू कसा खेळतो ह्याची तुलना केली. २००९ मध्ये त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. बहुसंख्य खेळाडू मोठ्या तोट्यानंतर अधिक सैलपणाने खेळत होते. जी पाने एरवी त्यांनी निमूटपणे टाकली असती, त्यांवर ते पैसे लावीत होते. ताक फुंकून पिणे दूरच राहिले. तोंड पोळलेला मनुष्य उकळत्या दुधाचा दुसरा पेला मागत होता!

हे नवशिके नव्हते. आपल्या पानांची किंमत जाणणारे लोक होते. मग असे का व्हावे? ह्याचे उत्तर शोधण्यासाठी पोकरचे टेबल क्षणभर सोडून आपणांस इस्रायलमधील विद्यापीठांत जावे लागेल. डॅनिएल कानेमन आणि एमॉस ट्व्हर्स्की हे दोघे मानसशास्त्रज्ञ. त्यांनी १९७९ मध्ये प्रॉस्पेक्ट थिअरी ह्या नावाने एक सिद्धान्त मांडला. ट्व्हर्स्की १९९६ मध्ये निवर्तले; कानेमन ह्यांना २००२ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांच्या प्रयोगांची साधने अगदी साधी: कागदावर लिहिलेला एक प्रश्न आणि दोन पर्याय.

तो प्रश्न आपणही मनातल्या मनात सोडवून पाहावा. एका बाजूस ३००० पौंड खात्रीने मिळतात. दुसऱ्या बाजूस ४००० पौंड मिळण्याचा शेकडा ८० संभव आहे, आणि शेकडा २० संभव काहीच न मिळण्याचा. आपण काय घ्याल? त्या प्रयोगात शेकडा ८० लोकांनी ३००० पदरात पाडून घेणे पसंत केले. हातचे सोडून पळत्याच्या पाठीस कोण लागेल? तेथे त्या काळी मध्यम कुटुंबाचे मासिक उत्पन्नच ३००० इस्रायली पौंडांच्या आसपास होते.

आता तोच प्रश्न उलटा करू. ३००० पौंड खात्रीने गमवावयाचे. किंवा ४००० गमावण्याचा शेकडा ८० संभव पत्करावयाचा, आणि शेकडा २० संभव काहीही न गमावता सुटण्याचा. ह्या वेळी शेकडा ९२ लोकांनी दैवावर हवाला ठेवला.

गंमत अशी की, अंकगणिताच्या दृष्टीने दोन्ही निवडी उलट्या आहेत. ४००० चे शेकडा ८० म्हणजे ३२००. लाभाच्या प्रश्नात दैवावर सोडण्याची सरासरी ३२००, म्हणजे खात्रीच्या रकमेहून अधिक. तेथे लोकांनी ती नाकारली. हानीच्या प्रश्नात दैवावर सोडल्यास सरासरीने ३२०० जावयाचे, म्हणजे खात्रीच्या हानीहून अधिक. तेथे मात्र लोकांनी ती स्वीकारली. लाभ समोर असता मनुष्य सावध होतो आणि हानी समोर असता साहसी होतो.

ह्याच्या मुळाशी मनाच्या दोन खोडी आहेत. त्या एकमेकींत मिसळतात, म्हणून वेगळ्या करून सांगतो.

पहिली खोड अशी की, आपण आपली एकूण स्थिती मोजीत नाही. कोठेतरी एक खूण करतो आणि तिच्या वर किती, खाली किती, एवढेच पाहतो. आणि त्या खुणेच्या खाली गेलेला रुपया हा वर गेलेल्या रुपयापेक्षा फार जड लागतो. शंभर रुपये सापडल्याचा आनंद दुपारपर्यंत टिकतो. शंभर रुपये हरवल्याची हळहळ रात्री अंथरुणावरही सोबत असते. १९९२ मध्ये ह्याच दोघा शास्त्रज्ञांनी आपल्या प्रयोगांवरून हिशेब केला, तेव्हा हानीचे वजन त्याच रकमेच्या लाभाच्या सुमारे सव्वादोनपट भरले. ह्या खोडीला आपण हानिभीरुता म्हणू.

दुसरी खोड अशी की, खुणेपासून जितके दूर जावे तितके मन बधिर होत जाते. पहिले हजार गमावले की काळजात चर्र होते. दहा हजार गमावून बसलेल्याला अकरावे हजार तितकेसे बोचत नाहीत. जेथे दहा गेले तेथे अकरा, असे तो म्हणतो. परंतु त्याच वेळी ती खूण, ती मूळची बरोबरी, त्याला सारखी खुणावीत असते. एक डाव मनासारखा पडला की सारे दुःख पुसले जाणार! आणखी गमावण्याचे दुःख थोडे, आणि बरोबरी साधण्याचे सुख अपार. ज्याच्या मनाच्या तराजूत ही दोन पारडी पडली, तो रद्दी पानांवर पैसे लावील ह्यात नवल ते काय?

हे ध्यानी घेतले म्हणजे पोकरमधील कितीतरी गोष्टींचा उलगडा होतो. मधल्या राशीचेच उदाहरण घ्या. समजा, तेथे २०० डॉलर जमले आहेत, त्यांपैकी ६० आपले. टेबलावर चार पाने उघडी झाली असून शेवटचे एक यावयाचे आहे. आपल्या हातची दोन आणि टेबलावरची दोन मिळून चार बदाम झाले आहेत. पाचवा बदाम आला तर डाव आपला, न आला तर गेला असे समजू. प्रतिस्पर्धी आणखी १०० डॉलर पुढे सारतो. आपण काय करावे?

न दिसलेली पाने ४६. त्यांत बदाम ९. म्हणजे ४६ वेळा हाच प्रसंग आला तर ९ वेळा आपण ३०० डॉलर मिळविणार आणि ३७ वेळा १०० गमावणार. जमा २७००, खर्च ३७००. प्रत्येक वेळी सरासरीने जवळजवळ २२ डॉलरांचा तोटा. पाने टाकून देणे हेच शहाणपण. परंतु मन काय म्हणते? "माझे ६० डॉलर तेथे पडले आहेत, ते असे सोडून देऊ?" ह्या एका वाक्यात सगळी फसगत आहे. ते ६० डॉलर आता आपले नाहीत. राशीत पडल्या क्षणी त्यांची मालकी संपली. वरील हिशेबात आपण त्यांना वेगळे मोजलेच नाही, आणि तरीही उत्तर बरोबर आले, हे लक्षात घ्या. जाणते खेळाडू नवशिक्यास प्रथम हाच पाठ घोकावयास लावतात. आणि ह्याच पाठात ते स्वतःही पुनःपुन्हा चुकतात.

ह्याहून सूक्ष्म उदाहरण ब्लाइंडचे. प्रत्येक डावात दोघा खेळाडूंना पाने पाहण्यापूर्वीच ठराविक रक्कम लावावी लागते. ती पाळीपाळीने सर्वांवर येते. म्हणजे ती खेळाची पट्टीच होय. परंतु एकदा ती आपल्या हाताने पुढे ठेवली की तिच्याविषयी ममत्व उत्पन्न होते. कोणी रक्कम वाढवून ती घेऊ पाहिली की घरात चोर शिरावा तसा राग येतो, आणि तिच्या रक्षणार्थ मनुष्य नको त्या पानांवर लढावयास उभा राहतो.

उलट बाजूही तितकीच खरी. जिंकत असलेला खेळाडू भित्रा होतो. मिळालेले जाऊ नये म्हणून, जेथे रक्कम वाढवावी तेथे नुसती बरोबरी करतो, आणि वेळेआधीच उठून जातो. परिणाम असा होतो की, मन ताजे आणि टेबल अनुकूल असते तेव्हा तो थोडा वेळ खेळतो; आणि मन शिणलेले व प्रतिस्पर्धी वरचढ असतात तेव्हा रात्रभर खेळतो. हरण्याच्या ह्या उन्मादाला अमेरिकन खेळाडू टिल्ट म्हणतात. हा शब्द पिनबॉलच्या यंत्रावरून आला असे सांगतात. चेंडू हवा तसा जावा म्हणून यंत्राला फार हिसके दिले तर ते कलते आणि बंद पडते.

माझ्या परिचयाचे एक मराठी गृहस्थ अनेक वर्षे न्यू जर्सीत नोकरीनिमित्त राहत होते. पेशाने अभियंते, हिशेबाला चोख. दर शुक्रवारी मित्रमंडळींत पोकर खेळत, आणि बसल्याची वेळ, उठल्याची वेळ व निकाल वहीत टिपून ठेवीत. एका उन्हाळ्यात त्यांच्या मातोश्री रत्नागिरीहून सहा आठवड्यांकरिता त्यांच्याकडे आल्या. त्या आल्यानंतरच्या पहिल्याच शुक्रवारी पत्नीचा फोन आला: "अहो, आई जेवायच्या थांबल्या आहेत." हे म्हणाले, "बरोबरी झाली की निघतो." रात्री दहाला पुन्हा फोन, पुन्हा तेच उत्तर. बाराला तेच. पहाटे तीनला ते घरी पोहोचले तेव्हा ताट झाकून ठेवलेले होते, आणि आई खुर्चीतच झोपी गेल्या होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी वही उघडली आणि प्रथमच निकालाचा रकाना सोडून वेळेचा रकाना वाचला. जिंकलेल्या बैठकी दीड-दोन तासांच्या. हरलेल्या सहा-सात तासांच्या. मला ते म्हणाले, "पैसे फारसे गेले नव्हते हो. पण ज्या बरोबरीसाठी मी थांबलो होतो, ती बरोबरी म्हणजे नेमके काय, हे मला सांगता येईना."

श्रोतेहो, ह्या प्रश्नातच सारे आले. सायंकाळी सातला खिशात जितके पैसे होते तितके पुन्हा व्हावेत, ही बरोबरी. परंतु सात वाजता असे काय पवित्र घडले होते? मागच्या शुक्रवारी ते जिंकले होते, त्या आधी हरले होते. पत्त्यांना सात वाजल्याची वार्ता नसते. पुढचा एक्का कोणाकडे जावा हे आपल्या तोट्यावरून ठरत नाही. शून्याची खूण मनाने स्वतःच केलेली, आणि मग तिच्याच पायी मन स्वतःला जखडून घेते.

एक इशारा येथे दिला पाहिजे. हानिभीरुता हा काही गुरुत्वाकर्षणासारखा अबाधित नियम नव्हे. रकमा लहान असल्या तर ती पुष्कळ कमी दिसते किंवा दिसतही नाही, असे दाखवून तिच्या सार्वत्रिकतेवर काही अभ्यासकांनी आक्षेप घेतले आहेत. दुसरीकडे, १९७९ चे मूळ प्रयोग १९ देशांतील ४०९८ लोकांवर पुन्हा करून पाहण्यात आले. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या तपासणीत बहुतेक निष्कर्ष टिकले. काहींचा जोर मात्र कमी भरला. म्हणजे ही प्रवृत्ती खरी, पण तिचे प्रमाण माणसागणिक आणि प्रसंगागणिक बदलणारे. आणि जे बदलते त्याला काही अंशी वळणही लावता येते.

ते कसे? मुरलेले खेळाडू तीन उपाय करतात. पहिला, उठण्याची घटका बसण्यापूर्वी ठरवितात. दहा वाजता उठावयाचे म्हणजे दहा वाजता, मग पारडे कोणतेही असो. ह्याने निर्णय शांत मनाच्या हाती राहतो. दुसरा, हिशेब एका रात्रीचा न ठेवता महिन्यांचा किंवा हजारो डावांचा ठेवतात. त्यामुळे आजची खूण मोठ्या वहीत एक क्षुल्लक ठिपका होऊन जाते. तिसरा उपाय मला सर्वांत मोलाचा वाटतो. प्रत्येक डावाला ते मनास विचारतात: "मी आत्ताच ह्या खुर्चीवर येऊन बसलो असतो, मागचे काहीच मला ठाऊक नसते, तर ह्या पानांवर पैसे लावले असते काय?" उत्तर नकारार्थी आले तर पाने टाकावयाची. तथापि ह्या उपायांनी पोकर लाभाचा धंदा होतो असे मात्र कोणी समजू नये. जेथे तो चालविला जातो तेथे चालविणारा प्रत्येक मोठ्या राशीतून आपला हिस्सा काढून घेतो. तेव्हा सर्व खेळाडू मिळून नेहमी तोट्यातच असतात.

आपणांपैकी बहुतेकांनी पोकरचे टेबल पाहिलेले नसेल. परंतु २०२५ च्या ऑगस्टमध्ये भारतीय संसदेला पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांना मनाई करणारा कायदा संमत करावा लागला, ह्यावरून ही टेबले आपल्या घरांच्या किती जवळ आली होती ते दिसून येते. आणि टेबल नसले तरी खोड सुटत नाही. टेरन्स ओडीन ह्या अभ्यासकाने अमेरिकेतील समभागांच्या १०,००० खात्यांचा अभ्यास १९९८ मध्ये प्रसिद्ध केला. नफ्यातील समभाग विकण्याचे प्रमाण तोट्यातील समभागांच्या मानाने सुमारे दीडपट आढळले. लोक वाढते रोप उपटीत होते आणि वाळलेल्याला पाणी घालीत होते. कारण घेतल्या किमतीची खूण सुटत नव्हती. न चालणारे दुकान, न मानवणारा अभ्यासक्रम, अर्ध्यावर अडकलेला दावा, ह्या सर्वांपाशी बसून आपणही म्हणत असतो, "बरोबरी झाली की उठतो."

आपल्या महाभारतात ही कथा फार पूर्वीच येऊन गेली आहे. धर्मराजाने आरंभी पणास लावला तो एक मौल्यवान मणी. मग सुवर्ण, रथ, हत्ती, राज्य. मग भाऊ, मग स्वतः, आणि शेवटी द्रौपदी. प्रत्येक हानीबरोबर पण चढत गेला. ह्याहून विदारक गोष्ट पुढे आहे. धृतराष्ट्राने सर्व काही परत दिले. ज्या बरोबरीसाठी जगातला प्रत्येक जुगारी तळमळतो, ती धर्मराजास आयती मिळाली. पांडव इंद्रप्रस्थाच्या वाटेला लागले. आणि वाटेतच पुन्हा बोलावणे आले तेव्हा धर्मराज परत फिरला, पुन्हा पटाशी बसला, आणि बारा वर्षांचा वनवास व एक वर्षाचा अज्ञातवास घेऊन उठला.

बरोबरी झाली की उठू, असे म्हणणाऱ्याने हा दुसरा डाव आठवावा. उठावयाचे असेल तर त्यासाठी बरोबरीची वाट पाहण्याचे कारण नाही; घरी ताट वाढलेले असते, तेवढे पुरे आहे.